घरट्याचा फोटो आणि माझी शाबासकी



नोव्हेंबर जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पक्षी सप्ताहाची पत्रकं फिरायला लागतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तर चितमपल्ली म्हणजे घरचेच. नवेगावबांधला त्यांनी नोकरी केली, तिथल्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. तर या आठवड्यात निबंध होतात, चित्रं होतात, घोषवाक्यं होतात, आणि हल्ली हमखास एक छायाचित्रण स्पर्धा होते. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला आज बोलायचं आहे. स्पष्टच सांगतो, आपण ज्या पद्धतीने या स्पर्धा घेतो त्या पद्धतीने त्या घेऊ नयेत असं माझं मत झालं आहे. हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. माझ्या हातून एक चूक झाली, त्यातून झालं.

माझी शाळा नागझिऱ्याच्या जंगलापासून फार लांब नाही. गावाला तलाव आहे, दोन बोड्या आहेत, आणि सभोवती धानाच्या बांध्या. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पण ब्लॉग वाचणारे बाकी जिल्ह्यांतलेही आहेत, म्हणून सांगतो. आमच्याकडचे जुने तलाव हे निसर्गाने दिलेले नाहीत, ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले, पुढे मालगुजारांकडे त्यांची व्यवस्था गेली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव राहिले. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. धानाला पाणी, ढिवर बांधवांना मासे आणि शिंगाडा, गुराढोरांना प्यायला, आणि पाण्यात लांब पायांनी चालणाऱ्या पाखरांना घर. बगळे, ढोकरी, मुग्धबलाक, शराटी, शेकाट्या, तुतवार, कमळपक्षी, आणि नशीब असेल तर सारस.

लोक नागझिऱ्याला येतात ते वाघासाठी. येऊ द्या. १९७० पासूनचं अभयारण्य आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरी किंवा चोरखमारा गेटातून गाडी आत गेली की नियम सुरू होतात. खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही, खायला टाकायचं नाही, सोबत गाईड. नियम मोडला तर कोणीतरी विचारतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवा. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बरोबरच झालं.

पण गावच्या तलावाला गेट नाही. तिथे गाईड नाही, पावती नाही, वनरक्षक नाही. तिथे फक्त पाळ आहे, आणि पाळीवर आपली मुलं आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा शेवट होता. तलावात शिंगाड्याची पानं इतकी दाट पसरली होती की पाणी दिसत नव्हतं. त्या पानांवर कमळपक्ष्यांची जोडी होती, लांब शेपटीची. ज्यांनी हा पक्षी पाहिला नसेल त्यांनी पावसाळ्यात एखाद्या शिंगाड्याच्या तलावावर जाऊन जरूर पाहावा. पांढरे पंख, मानेच्या मागे सोनेरी पिवळा पट्टा, आणि लांब वळलेली काळी शेपटी. पायाची बोटं इतकी लांब की तरंगत्या पानावर चालताना वजन वाटलं जातं, पान बुडत नाही. विज्ञानाच्या तासाला दाब म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आठवीतला एक पोरगा सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधीच माझ्याजवळ आला. वडील मासेमारी करतात, घरचा डोंगा आहे. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"सर, हे पाहा ना, किती जवळून काढलो!"

फोटो खरंच सुंदर होता. पानांच्या ओल्या चिपाडावर चार अंडी, भोवऱ्याच्या आकाराची, हिरवट तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत. एका कोपऱ्यात डोंग्याची कड दिसत होती. म्हणजे हात लांब केला असता तर अंड्याला लागला असता. मी म्हणालो, शाब्बास! मुलांसमोर म्हणालो. फोटो शाळेच्या गटावर टाकला, खाली गावाचं आणि तलावाचं नाव लिहिलं, पोराचं नाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत तो तालुक्याच्या तीन-चार गटांवर पोहोचला. अभिनंदनाचे अंगठे मोजत बसलो होतो मी, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी दोघंजण मोटारसायकलवर आले. गळ्यात मोठे कॅमेरे. बुधवारी एक गाडी आली. पोराच्या डोंग्यातून ते घरट्यापर्यंत जाऊन आले, पोराला दर खेपेला शंभर रुपये मिळाले. मला हे गुरुवारी कळलं. शुक्रवारी मी पाळीवर गेलो तर शिंगाड्याच्या पानांतून डोंग्याची एक सरळ वाट पडलेली होती, शेतातून बैलगाडी गेल्यावर पडते तशी, आणि ती वाट जिथे संपत होती तिथे चिपाड अर्धं पाण्यात बुडालेलं होतं. अंडी नव्हती.

आता मी शिक्षक आहे, पुराव्याशिवाय बोलू नये हे मुलांना शिकवतो. अंडी कशाने गेली हे मी पाहिलेलं नाही. कमळपक्ष्यात अंडी उबवायचं काम नर करतो, मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. आणि या जातीचा नर धोका वाटला तर अंडी चोच आणि छातीच्या मध्ये धरून दुसऱ्या पानावर सरकवतो असं निरीक्षकांनी नोंदवलेलं आहे. मी त्या एका वाक्याला बरेच दिवस धरून बसलो होतो. कदाचित त्याने हलवली असतील. पण पुढे महिनाभर त्या तलावावर एकही पिल्लू दिसलं नाही. डोंगा जवळ गेला की नर उठतो. तो उठला की अंडी ऑगस्टच्या उन्हात उघडी पडतात. पाळीवरच्या चिंचेवर कावळे असतातच, आणि त्यांना माणूस कुठे थांबतो हे चांगलं कळतं. पानं बाजूला झाली की आडोसा गेला. यातलं नेमकं काय घडलं ते सोडा. यातली प्रत्येक गोष्ट फोटोमुळे सुरू झाली होती, आणि फोटोला शाबासकी मी दिली होती.

मी पोराच्या घरी गेलो. जरा रागातच गेलो होतो. वडील जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच तर शाब्बास म्हणले. आता पोराले काहून रागावता?"

मला उत्तर देता आलं नाही.

यानंतर मी जरा वाचलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात फक्त मारणं किंवा पकडणं येत नाही. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांचं नुकसान करणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्या व्याख्येत आहे. आपण मुलांना शिकार म्हणजे बंदूक असं शिकवतो. मी स्वतः तसंच शिकवत होतो. सहावीच्या वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, मोबाइलनेपण शिकार होते?" काय म्हणणार? कायद्याचे वकील याचा कीस पाडतील, पण तिला मी हो म्हणालो.

दुसरी एक गंमत वाचनात आली. पक्ष्यांच्या फोटोचा इतिहासच मुळी घरट्यापासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअरटन नावाचे दोन भाऊ होते. त्यांनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढलं, सगळं प्रत्यक्ष फोटोंनी सजवलेलं. त्या काळचे कॅमेरे अवजड, लांबचं काही टिपता येत नसे. पाखरू तर एका जागी थांबत नाही. ते पुन्हापुन्हा परत येतं अशी एकच जागा, घरटं. म्हणून घरट्याजवळ दबा धरायचा. या भावांनी चक्क बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला होता आणि एक जण त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसायचा! मुलांना ही गोष्ट सांगा, पोळ्याच्या आसपास सांगितली तर फारच रंगते. पण मुद्दा असा की त्यांची ती अडचण होती. आज साध्या दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावला तरी पाळीवरून शेकाट्याचे लाल पाय दिसतात. त्यामुळे घरट्यापाशी जायचं आता काही कारणच उरलेलं नाही. सवय तेवढी उरली आहे, आणि बक्षीस.

बक्षिसाचंच मला सगळ्यात जास्त खटकतं. आपल्या स्पर्धांमध्ये पहिला क्रमांक कोणाला मिळतो? ज्याचा पक्षी चौकटीत सगळ्यात मोठा आहे त्याला. चोचीत मासा, पंख पसरलेले, डोळ्यात चमक. मोठ्या शहरातल्या फोटोग्राफरकडे लाखाची लेन्स असते, तो लांब बसून हे करू शकतो. आपल्या मुलाकडे वडिलांचा मोबाइल आहे. त्याला पक्षी मोठा दिसावा असं वाटत असेल तर एकच उपाय, जवळ जाणं. म्हणजे स्पर्धेचा नियम आपणच असा केला की गरीब पोराने पाखराच्या अंगावर गेलं पाहिजे. घरट्यातलं पिल्लू उडून जात नाही, म्हणून तो तिथे जातो. आणि आपण परीक्षक टाळ्या वाजवतो. मी दोनदा अशा स्पर्धांचा परीक्षक होतो, त्यामुळे बोट दुसऱ्याकडे नाही.

यावर माझे एक सहकारी म्हणतात, मोबाइलच बंद करा, वहीत चित्र काढू द्या. चित्र काढावंच, मी रोज सांगतो. पण मोबाइल बंद करून काय होईल? तो शाळेत बंद होईल, तलावावर चालूच राहील. आणि खरं सांगायचं तर फोटोने मला जे शिकवता आलं ते खडूने आलं नसतं.

उदाहरण देतो. दिवाळीनंतर तलावाचं पाणी उतरायला लागतं. धानाला पाणी सोडलेलं असतं, काठ उघडे पडतात, चिखलाचा पट्टा दिवसेंदिवस रुंद होतो. मग पाहुणे येतात. तुतवार, टिलवे, पांढरे धोबी, सायबेरियाकडून आणि त्याही पलीकडून. टिलवा हातात घेतला तर छोट्या बिस्किटपुड्याएवढाही भरणार नाही, आणि तो उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून आपल्या गावच्या गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या चिखलावर येऊन उतरतो. आम्ही दर शनिवारी एकाच जागेवरून, पाळीवरच्या एका ठरलेल्या दगडावरून, एक फोटो काढतो. जवळ जायचं नाही, झूम जेवढं आहे तेवढं. सात-आठ आठवड्यांचे फोटो फळ्याशेजारी लावले की मुलांना आपोआप दिसतं. पाणी कमी झालं, चिखल वाढला, पांढरे ठिपके कमी झाले, बारके तपकिरी ठिपके वाढले. कोण कुठे उभं आहे ते बघा म्हटलं की मुलंच सांगतात. टिलवा ओल्या चिखलावर, तुतवार पाण्याच्या रेघेवर, शेकाट्या मांडीभर पाण्यात, करकोचा त्याच्याही पुढे. पायाची लांबी आणि चोचीची लांबी यांचा पाण्याच्या खोलीशी संबंध मला सांगावा लागला नाही. एकाच तलावात इतके जण जेवतात आणि भांडण का होत नाही, हे पाचवीच्या मुलाने मला समजावलं.

आता हे फोटो स्पर्धेत पाठवले तर कचऱ्यात जातील. धूसर आहेत, पक्षी तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. पण त्यात तारीख आहे, जागा पक्की आहे, आणि मोजणी आहे. मुग्धबलाकांचा थवा बसला की फोटोवर पट्टीने चौकोन पाडायचे, एका चौकोनातले मोजायचे, आणि अंदाज बांधायचा. मग एक एक करून खरी मोजणी. अंदाज आणि खरं यातला फरक टक्क्यात काढायचा. शतमान शिकवायला दुकानाचा नफा-तोटाच हवा असं थोडंच आहे! जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्या पंधरवड्यात आमची मोजणी जरा जास्त गंभीरपणे होते.

जवळ म्हणजे किती जवळ, हा प्रश्न मुलं विचारतातच. मीटरमध्ये उत्तर देऊ नये असं मला वाटतं, कारण ते प्रत्येक पाखराचं आणि प्रत्येक जागेचं वेगळं असतं. धुणं धुतात त्या घाटावरची ढोकरी बायांच्या बादलीशेजारी उभी राहते, आणि तीच ढोकरी पलीकडच्या काठावर आपल्याला पाहून चाळीस पावलांवरून उडते. म्हणून आम्ही पाखराकडे बघतो. ते खात असेल तर ठीक. खाणं थांबवून मान वर केली, की आपण थांबायचं. अंग आखडलं, एक पाऊल लांब सरकलं, की मागे फिरायचं. उडालं, तर त्या दिवशीचा फोटो बाद, कितीही छान आलेला असो. टिटवीचं काम तर सोपं आहे, ती स्वतःच ओरडून सांगते. सुरुवातीला मी पावलं मोजून तक्ता करायला लावला होता, कोणता पक्षी किती पावलांवर उडतो असा. आठवड्याने लक्षात आलं की तक्ता भरण्यासाठी पोरं पाखरं उडवत सुटली आहेत. शिक्षकाची हौस कशी अंगलट येते पाहा. आता मान वर होते त्या जागेपाशीच नोंद थांबते.

घरट्याबाबत मात्र मी कुठलीच सूट देत नाही. घरटं दिसलं तर वहीत 'घरटं' एवढंच लिहायचं, फोटो नाही, कोणाला जागा सांगायची नाही, परत बघायला जायचं नाही. अगदी दुरून काढला तरी नाही का, असं मला एका शिक्षिकाताईंनी विचारलं होतं. तज्ज्ञ माणूस संशोधनासाठी काढत असेल, त्याच्याकडे परवानगी असेल, तो वेगळा. आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'दुरून चालतो, जवळून नाही' हे पाळता येणार नाही. मलाही आलं नसतं. आणि मोबाइलमधलं लोकेशन बंद करायचं. हे पालकांना विशेष सांगतो, कारण बहुतेक घरांत फोनची ती खूण चालू असते आणि फोटोबरोबर जागाही जाते.

आमच्या जिल्ह्यात हे सगळं जास्त निकडीचं का आहे, तर सारसामुळे. माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो आता आपल्या या कोपऱ्यातच टिकून आहे, गोंदियात मुख्यतः, थोडा भंडारा आणि चंद्रपूरकडे. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातला आकडा पन्नाशीच्याही आत आहे आणि तो वाढताना दिसत नाही. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या विषयाचीही स्वतःहून दखल घेतली होती. विजेच्या तारा, शेतातली विषारी औषधं, आटत चाललेले तलाव, ही मोठी कारणं आहेत आणि ती मुलांच्या मोबाइलपेक्षा कितीतरी मोठी आहेत, हे मला मान्य आहे. पण सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या गवतात घरटं करतो, जमिनीवर. दोनच अंडी. महिनाभर जोडी आलटून पालटून बसते. सेवा संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी वर्षानुवर्षं या घरट्यांवर लक्ष ठेवून आहेत. अशा एका घरट्याचा फोटो, खाली शेताचं नाव, आणि एक उत्साही मास्तर. एवढं पुरे आहे.

सारसाबद्दल मुलांच्या डोक्यात आणखी एक चित्र असतं. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका तरुणाच्या मागे मागे फिरणाऱ्या सारसाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. जखमी पक्ष्याला त्याने वाचवलं होतं. पुढे वन विभागाने तो पक्षी नेला, तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. मुलांना फक्त पहिला भाग माहीत असतो. 'सर, आपणपण सारस पाळू या' असं मला दोघा-तिघांनी म्हटलेलं आहे. त्यांच्यावर हसू नका. त्यांना पुढचा भाग सांगा आणि बोलू द्या. आमच्या वर्गात त्यावर अर्धा तास वाद झाला, एकमत झालं नाही, आणि मला ते चांगलं वाटलं.

एका पालकांनी मला सुनावलेलंही सांगतो. म्हणाले, "सर, बाहेरून मोठमोठे कॅमेरेवाले येतात, ते तर टिटवीच्या अंड्याला खेटून बसतात. आमच्याच पोरांना का शिकवता?" राग रास्त आहे. तलाव गावाचा, पाखरं गावची, आणि फोटोचं कौतुक शहरात. शंभर रुपयांचाही प्रश्न आहेच. ज्या घरात शिंगाडा निघेपर्यंत हातात पैसा नसतो, तिथे पोराने तीन खेपांचे तीनशे आणले तर आई नको म्हणणार नाही. मी त्या पैशाच्या विरोधात नाही. नागझिऱ्यात गाईडला मानधन मिळतं, मग तलावावर डोंगा चालवणाऱ्या माणसाला का मिळू नये? ढिवर बांधवांना पाण्यातली वनस्पती, मासा, पाखरू जितकं माहीत असतं तितकं आपल्या कोणाला माहीत नसतं. त्यांनी पाहुण्याला पाळीवर बसवावं, पाखरू ओळखून द्यावं, त्याचे शंभर नाही दोनशे घ्यावेत. पण 'पुढे डोंगा नेणार नाही' हे म्हणायची ताकद त्या पोरात यायला हवी, आणि पाहुणा मोठा, इंग्रजी बोलणारा, महागड्या कॅमेऱ्याचा असताना ती येणं सोपं नाही. तिथे शाळेचा काहीतरी उपयोग असावा.

म्हणून या वर्षीच्या स्पर्धेसाठी माझी सूचना अशी आहे, केंद्रप्रमुखांनाही मी ती लिहून दिली आहे. घरटं, अंडी, पिल्लू असलेला फोटो आला तर तो बाद, आणि बाद का ते पत्रकावरच आधी छापा. पक्षी किती मोठा दिसतो याला गुण नकोत. फोटोसोबत मुलाने पाच ओळी लिहाव्यात, कुठे उभा होतो, पाखरू काय करत होतं, मी गेल्यावर त्याने काय केलं. गुण त्या पाच ओळींना द्या. परीक्षकांत एक जण गावचा असू द्या, ढिवर किंवा गुराखी, ज्याला फोटो बघून कळतं की हा काढायला पोरगा पाण्यात किती आत गेला होता. यावर काही शिक्षकांचं म्हणणं आहे की मग ती छायाचित्रण स्पर्धा राहत नाही, भाषेची परीक्षा होते. असेल. मला चालतं.

तो पोरगा आता तालुक्याला अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला होता. त्याने मला पाळीवरून काढलेला एक फोटो दाखवला, संध्याकाळचा, अर्धं चित्र आकाशाने भरलेलं, आणि लांब पाण्यात मुग्धबलाकांची रांग. "त्रेचाळीस आहेत सर," म्हणाला. मी चष्मा लावून दोनदा मोजले, मला एकेचाळीसच दिसले. तो म्हणतो दोन मागच्या गवतात आहेत, नीट बघा. फोटो माझ्या फोनमध्ये आहे, रविवारी संगणकावर मोठा करून पुन्हा मोजणार आहे.